गाडीखालचा डाग आणि बोनेटखालच्या खुणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत, पोडियम पार्किंगमध्ये (इमारतीच्या पायथ्याच्या पार्किंग मजल्यावर) उभी असणारी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. गेल्या वर्षी सेकंडहँड घेतलेली. खाली तळहाताएवढा काळपट डाग पडलाय आणि सेक्रेटरींनी त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय. दोन महिन्यांपूर्वीच सर्व्हिसिंग झालंय. जवळच्या एका गॅरेजवाल्याने गाडी वर न घेताच ‘सगळी पॅकिंग गेलीत, बारा हजार लागतील’ असं सांगितलं; पॅकिंग म्हणजे इंजिनाच्या जोडांतून ऑइल गळू नये म्हणून घातलेले थर. पाच आठवड्यांनी गणपतीला याच गाडीने चिपळूणला जायचंय. तर बारा हजार घालायचे का, आणि यातलं घरच्या घरी आपल्याला काय तपासता येतं?

माझं तुर्भ्याला गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. असे डागाचे फोटो मला आठवड्याला दोन-तीन तरी येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

डाग बघून पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे: गाडीतून काही कमी होतंय का, होत असेल तर नेमकं काय, आणि किती वेगाने. डाग हा या प्रकरणातला एक साक्षीदार, आणि तोही फारसा भरवशाचा नाही. चमचाभर ऑइल फरशीवर पसरलं की ताटाएवढं दिसतं. उलट ज्या गळतीने गाडी रस्त्यात बसते किंवा ब्रेक जातो, ती कित्येकदा जमिनीवर एक थेंबही पडू देत नाही.

याचा धडा मला माझ्याच गाडीने दिला. गॅरेज काढून पाच-सहा वर्षं झाली होती, सामान आणायला एक जुनी व्हॅन होती. तिचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, दर आठवड्याला बोटभर उतरायचं. खाली बघावं तर जमीन कोरडी. मी नळाचं पाणी ओतायचो आणि पुढे जायचो, लोकांच्या गाड्यांतून वेळ कुठे होता! वॉटर पंपाच्या सीलमधून बारीक पाझर होता आणि तो गरम इंजिनावर पडून जिथल्या तिथे वाळत होता. खंडाळ्याच्या घाटात एका रविवारी तापमानाचा काटा लाल रेघेला गेला, हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं, हेडखालचं पॅकिंग) उडालं. तीनशे रुपयांच्या सीलपायी हेड उतरवावं लागलं, तेही मेकॅनिकच्या गाडीचं. तेव्हापासून मी आधी बोनेट उघडतो, जमीन नंतर बघतो.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना, सपाट जागी. पोडियमवर उतार असतो हे लक्षात येत नाही. पाणी जाण्यासाठी फरशीला ढाळ दिलेला असतो, रॅम्पजवळचे स्लॉट तर सरळसरळ तिरके असतात. तिरक्या गाडीत डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी, खोटं बोलते. त्यामुळे एक जागा ठरवा आणि दर वेळी तिथेच, त्याच दिशेला तोंड करून तपासा. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल, मागच्या वेळेपेक्षा बदलला का, एवढंच बघायचंय.

डिपस्टिक ओढायची, पांढऱ्या चिंधीने पुसायची, पूर्ण आत घालायची, परत काढायची. पहिल्यांदा निघते तेव्हाचं बघून उपयोग नाही, नळीच्या आत ऑइल पसरलेलं असतं. टोकाला दोन खुणा किंवा दोन भोकं असतात, ऑइल त्यांच्या मध्ये कुठेही असलं तरी गाडी सुखरूप आहे. छोट्या पेट्रोल गाड्यांत या दोन खुणांमधलं अंतर म्हणजे साधारण पाऊण ते एक लिटर. तुम्ही लिहिलंय की पातळी मधोमध आहे. सर्व्हिसिंगला वरच्या खुणेपर्यंत भरलं असं धरलं, तर दोन महिन्यांत फार तर अर्धा लिटर गेलं. पण भरलं होतं का, हे तुम्ही तेव्हा पाहिलं नव्हतं. म्हणून आजची पातळी हाच तुमचा पहिला आकडा. बारा हजारांचा निर्णय एका आकड्यावर घ्यायचा नसतो.

ऑइल काळं दिसतं म्हणून घाबरू नका, ते मळ धरतं म्हणूनच काळं होतं. डिझेल गाडीत तर काही दिवसांतच डांबरासारखं होतं. काळजीचा रंग वेगळा: दूध जास्त झालेल्या चहासारखा. तसं ऑइल डिपस्टिकवर आलं तर कूलंट किंवा पाणी आत मिसळतंय, गाडी सुरू न करता टो करून न्यायची. यात एक पोटनियम आहे. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवणाऱ्यांच्या ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय धरते. इंजिन पूर्ण तापत नाही, आतली वाफ झाकणाला चिकटते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर एखाद्या रविवारी पाम बीच रोडला तासभर गाडी फिरवून आणा, साय जाते.

कमी पडलं तर भरतानाही बेताने. पाव लिटर घाला, पाच मिनिटं थांबा, परत बघा. ‘थोडं जास्तच असू दे’ हा आपला साखरेचा हिशोब इंजिनाला लागू नाही. खुणेच्या बरंच वर गेलं की इंजिनाच्या तळाशी फिरणारा दांडा, क्रँक, ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही. ग्रेड गाडीच्या पुस्तकात बघून घ्या, शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका. डिझेलवाले वाचत असतील तर त्यांच्यासाठी: २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाड्यांत पातळी वाढलेली दिसली तर तीही बातमी चांगली नाही. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर जळून साफ होण्याआधीच गाडी वारंवार बंद झाली की जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. घोडबंदरच्या कोंडीत रोज शाळा ते घर करणाऱ्या गाड्यांत मी हे पाहिलंय.

डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा लाल दिवा आहेच की, असं बरेच जण म्हणतात. बहुतेक गाड्यांत तो दिवा ऑइलचा दाब गेला की लागतो. पातळी कमी झालीय हे सांगायला तो नाही. तो लागेपर्यंत ऑइल खालच्या खुणेच्याही बरंच खाली गेलेलं असतं. चालत्या गाडीत तो लागला तर बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करायचं. ‘पुढच्या पंपापर्यंत’ नाही.

कूलंटची प्लास्टिकची टाकी बाहेरूनच बघायची, खुणा तिच्या अंगावर असतात. गार इंजिनावर पातळी दोन खुणांमध्ये हवी. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. आत दाब असतो, म्हणूनच कूलंट शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलंत की त्याच क्षणी उकळून अंगावर येतं. माझ्याकडे काम करणाऱ्या एका मुलाच्या मनगटावर त्याची खूण अजून आहे. कूलंट महिन्या-दोन महिन्यांत नजरेला कळेल इतकं उतरत असेल, तर जमिनीवर काही दिसो न दिसो, गळती आहे असंच धरा. होजच्या क्लिपांपाशी, रेडिएटरच्या कडांना, वॉटर पंपाखाली वाळलेली पांढरी-गुलाबी-हिरवी खरवड दिसते का बघा. काचेच्या आतून तेलकट धुकं आणि गोडसर वास येत असेल तर हीटरचा कोर फुटलाय. वर घालताना नळाचं पाणी नको, त्याने आत क्षार आणि गंज धरतो. आहे त्याच जातीचं कूलंट घाला. नुसता रंग जुळला म्हणजे जात जुळली असं नसतं. आणि सांडलं तर लगेच पाण्याने धुऊन काढा. चवीला गोड असल्यामुळे सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि ते त्यांना विष आहे.

आता ब्रेक ऑइल. इथे मी सगळ्यात कडक आहे. बोनेटखाली मागच्या बाजूला, ड्रायव्हरसमोर, छोटी पिवळट टाकी असते. तिची पातळी वर्षभरात हळूहळू थोडी उतरते आणि ते बरोबर आहे, कारण ब्रेक पॅड झिजतात तसा पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो आणि ती जागा ऑइल भरून काढतं. म्हणून ‘थोडं कमी झालं, घातलं’ असं करू नका. नंतर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलतात, वर घातलेलं ऑइल टाकीतून बाहेर येतं आणि जिथे पडेल तिथला रंग सोलतं. पातळी खालच्या खुणेजवळ आली असेल तर आधी पॅड बघून घ्या. पॅड जाड आणि ऑइल कमी, असं निघालं तर गळती आहे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. टायरच्या आतल्या भिंतीवर ओली, तेलकट ओघळ दिसली, किंवा पेडल पूर्वीपेक्षा खाली जातंय, दाबून धरल्यावर हळूहळू बुडतंय असं वाटलं, तर गाडी तिथेच उभी ठेवायची आणि मेकॅनिकला घरी बोलवायचं. बऱ्याच गाड्यांत क्लचलाही याच टाकीतून ऑइल जातं. त्यामुळे चाकं कोरडी असतील तर क्लचकडे संशय जातो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरडं डॉट-४ (ब्रेक ऑइलचा नेहमीचा प्रकार) निदान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. आपल्याकडच्या दमट हवेत दोन वर्षांनी ते बदलावंच. तुम्ही परशुराम घाट उतरून चिपळुणात जाणार आहात. मागच्या मालकाने ते कधी बदललं याची नोंद नसेल, तर डागावर खर्च करण्याआधी यावर करा.

पॉवर स्टिअरिंगचं ऑइल तुमच्या गाडीत बहुधा नाहीच, आजच्या छोट्या गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटर असते. काच धुवायचं पाणी भरून ठेवा. ते वारंवार संपत असेल तर पाइप उंदराने कुरतडला असेल. नवी मुंबईत काय आणि ठाण्यात काय, पावसाळ्यात उंदीर गरम इंजिनावर झोपायला येतात.

एवढं झाल्यावर जमिनीकडे वळू. डाग तुमच्याच गाडीचा आहे ना? तो स्लॉट तुमच्याआधी कोणाचा होता, पाहुण्यांच्या गाड्या तिथे लागतात का? सोसायटीत पहाटे गाड्या धुणारा मुलगा असेल तर त्याला विचारा. तुमची गाडी तो तुमच्यापेक्षा जास्त बघतो, आणि फरशी ओली करून जुना डाग ताजा दिसायला लावतो तोही तोच. स्टॅक पार्किंगमध्ये तर वरच्या गाडीचं ऑइल खालच्या गाडीच्या बोनेटवर पडतं आणि भांडण भलत्याच दोघांत लागतं.

मग पुठ्ठ्याची परीक्षा. फ्रिजचा किंवा टीव्हीचा मोठा खोका उघडून सपाट करा, रात्री गाडीखाली सरकवा, पुढच्या दोन्ही चाकांची जागा पेनाने आखून घ्या. पुठ्ठा उडू नये म्हणून कडेला वीट ठेवा. सकाळी गाडी न हलवता पुठ्ठा ओढा. थेंब कुठे पडला हे चाकांच्या खुणेवरून कळतं आणि काय पडलं हे रंग, वास आणि चिकटपणावरून. डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या पायांखाली स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं. मुंबईच्या दमटपणात लोटाभरही पडतं आणि पडायलाच हवं. पडत नसेल आणि डावीकडची मॅट ओली असेल तर एसीची पाण्याची नळी तुंबलीय. सायलेन्सरच्या तोंडातून सकाळी पाणी ठिबकलं तर तेही इंजिनातल्या ज्वलनाचं, सोडून द्या. तपकिरी-काळा, बोटांना बुळबुळीत थेंब इंजिन ऑइलचा. दाट आणि कुजक्या लसणीसारख्या वासाचा असेल तर गिअर ऑइल. ते बहुतेक एक्सलच्या सीलमधून येतं, आणि गिअरबॉक्सला डिपस्टिक नसल्यामुळे किती गेलं ते घरी कळत नाही; ते गॅरेजमध्येच. रिमच्या आत काळं चिकट ग्रीस उडालेलं दिसलं तर एक्सलचा रबरी बूट फाटलाय.

पेट्रोलचा थेंब किंवा सतत वास आला तर मात्र कसलीच परीक्षा नको. गाडी सुरू करायची नाही, बोनेटखाली मोबाइलचा टॉर्च लावून शोधायचंही नाही. सीएनजीचा वास आला तर तेच, शिवाय हाताला सहज येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दारं-काचा उघड्या ठेवून लांब उभे राहा. पेट्रोलची वाफ जड, ती बेसमेंटच्या तळाशी साचते. सीएनजी हवेपेक्षा हलका, तो छताशी जातो. बंद पार्किंगमध्ये दोन्ही वाईटच.

आतापर्यंतचं थोडक्यात: ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल या तीन पातळ्या, त्याच जागी, गार गाडीत, तारीख घालून लिहायच्या, पुठ्ठा त्यांना जोड म्हणून.

तुमच्या डागाबद्दल माझा अंदाज सांगतो, फोटोवरून सांगतोय हे धरून चाला. डाग इंजिनाच्या बरोबर खाली आहे, मधला भाग दाट आणि कडा फिकट. सर्व्हिसिंगनंतर दोन महिन्यांनी दिसलाय. माझ्या डोक्यात पहिलं येतं ते असं की फिल्टर काढताना सांडलेलं ऑइल खालच्या प्लास्टिकच्या कव्हरवर साचलंय आणि गाडी हलली की तिथून टपकतंय. हे आठवडेच्या आठवडे चालतं. दुसरं, चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागाच्या) नटाखालचा वॉशर नवा न घालता जुनाच बसवलाय. तो वॉशर काही रुपयांचा असतो. तिसरं, टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक झालंय; सात वर्षांत होतं, पण ते एक पॅकिंग म्हणजे ‘सगळी पॅकिंग’ नव्हेत. क्रँकचं मागचं सील असेल तर खर्च खरोखर मोठा, कारण गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पण ते आधी सिद्ध व्हायला हवं.

सिद्ध कसं करायचं? ऑइल वरून खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं. त्यामुळे खालून बघणाऱ्याला सगळंच इंजिन ओलं दिसतं आणि सगळीच पॅकिंग गेल्यासारखी वाटतात. नियम एकच, सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. मी खालचं कव्हर काढून इंजिन कापडाने आणि स्प्रेने पुसून कोरडं करतो, संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर भुरभुरवतो आणि गाडी पन्नास किलोमीटर चालवून परत आणायला सांगतो. पावडरीत ऑइलची रेघ स्वच्छ उमटते. असं न करता कोणी बारा हजार मागत असेल, तर त्याला एवढंच म्हणा, ‘आधी पुसून दाखवा, कुठून येतंय ते बघू.’ चांगला मेकॅनिक यावर रागावत नाही. घरी तुम्ही जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, जॅक चाक बदलण्यापुरताच असतो. इंजिनावर प्रेशरचं पाणीही मारून घेऊ नका, डाग जाईल आणि सेन्सर बिघडतील.

आमच्याकडे पाझर, ठिबक आणि धार असा फरक करतात. पॅकिंगच्या कडेला नुसती ओल, थेंब पडत नाही, तो पाझर. जुन्या गाडीला एवढा घाम येतोच, मी तो पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत खुशाल सोडून देतो. रात्रीत पुठ्ठ्यावर दोन-चार थेंब म्हणजे ठिबक; कारण शोधायचं, पण गाडी वापरायला हरकत नाही, आठवड्याला डिपस्टिक बघायची. सकाळी थारोळं दिसलं तर गाडी हलवायची नाही. हा हिशोब फक्त ऑइलचा. ब्रेक ऑइल आणि पेट्रोलला पाझरही माफ नाही. कूलंटचा पाझर एरवी शहरातल्या शहरात चालून जाईल, पण गणपतीच्या आदल्या दिवशी माणगावच्या कोंडीत तीन तास एसी लावून उभं राहिल्यावर तोच पाझर काटा वर नेतो.

सेक्रेटरींसाठी: डागावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती रात्रभर टाका, झाडून घ्या, मग कपड्याच्या पावडरीची घट्ट पेस्ट करून ब्रशने घासा. तेलकट भुसा गटारात ढकलू नका. आपल्याकडची पावसाळी गटारं खाडीला मिळतात, आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलेली ती ठाणे खाडी फ्लेमिंगोंची आहे.

आता असं करा. या शनिवारी तिन्ही पातळ्या लिहून ठेवा आणि रात्री पुठ्ठा घाला. पुढचे दोन शनिवार परत तेच. तरीही गणपतीला दोन-तीन आठवडे हातात राहतात, पॅकिंग बदलायला एक दिवस पुरतो. पुठ्ठ्याचा फोटो इथे टाकाल तेव्हा चाकांच्या खुणा दिसू द्या आणि बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे थेंबाचा आकार कळेल. नुसत्या फरशीचा फोटो नको, तो सेक्रेटरींनी काढलाय.